परभणीहून मनालीला, पायी फिरायला: आधी दिवस मोजा, मग उंची

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही फरक असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही परभणीचे. मे महिन्यात दहा दिवसांची सुट्टी काढताय. तुम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे धरतात आणि बीपीची गोळी चालू आहे. टूरवाल्याने शिमला-मनालीचं सहा रात्रींचं पॅकेज दिलंय, त्यात सगळं फिरणं टॅक्सीत बसून. तुम्हाला मात्र पायी हिंडायचंय, राफ्टिंग करायचंय, आणि मुलीने मनालीजवळच्या हंप्टा पास या उंच खिंडीचा ट्रेक डोक्यात घेतलाय. विरळ हवेचा त्रास होईल का, सासूबाईंना न्यावं का, आणि हे सगळं दहा दिवसांत बसेल का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी संभाजीनगरला असतो. मराठवाड्यातली कुटुंबं आणि शाळकरी मुलांचे गट हिमाचलात घेऊन जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मनाली जरूर करा, सासूबाईंना जरूर न्या, शिमला काढून टाका आणि हंप्टा यंदा नको. आता यामागची कारणं सांगतो.

सगळ्यात आधी दिवस मोजू, कारण पॅकेजच्या कागदावर ते नीट दिसत नाहीत. तुमच्या सोयीची गाडी म्हणजे नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस. परभणीला बसायचं आणि थेट अंबाल्याला उतरायचं, मध्ये गाडी बदलायची दगदग नाही. वाटेत काही स्टेशनांवर लंगरचं जेवणही मिळतं. सकाळी निघालात की दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास अंबाला. तिथून मनाली बसने आणखी आठ-नऊ तास. एक रात्र खाली थांबून निघालात तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनालीत पोचता. परतीची सचखंड अंबाल्याहून सकाळची असते, त्यामुळे आदल्या रात्री खाली येऊन थांबावंच लागतं. म्हणजे आठव्या दिवशी सकाळी मनाली सोडायची, नववा दिवस गाडीत, दहाव्या दिवशी घर. मनालीत पूर्ण मिळाले ते चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा. चारच दिवस! त्यात शिमला घातलं की दोन उरतात, आणि दोन दिवसांत पायी फिरणं होत नाही, नुसते पॉइंट होतात.

मुलांची सुट्टी दीड महिन्याची असते. तुम्हा दोघांच्या रजेत आणखी तीन दिवस जोडता आले तर तेरा दिवसांची सहल करा. मनालीत सात दिवस मिळतील आणि तुम्हाला हवं ते सगळं निवांत बसेल. रजा वाढत नसेल तर जाताना रेल्वे आणि येताना दिल्लीहून संभाजीनगरपर्यंत विमान, असं करता येतं. पाच तिकिटांचा खर्च मोठा आहे, पण जवळजवळ एक दिवस वाचतो. कुल्लूजवळ भुंतरलाही विमानतळ आहे, पण तो दरीतला छोटा विमानतळ, हवा बिघडली की विमानं रद्द होतात. परतीचा हिशोब त्याच्यावर ठेवू नका.

अंबाल्याला उतरून लगेच रात्रीची बस धरावी का, यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. तरुण मुलं धरतात आणि त्यांचं निभतं. लहान मूल आणि वयस्क माणूस बरोबर असेल तर मी दिवसाचाच प्रवास सांगतो. एक रात्र रेल्वेत आणि दुसरी घाटातल्या बसमध्ये काढली की पहिला पूर्ण दिवस आडवं पडण्यात जातो. शिवाय मंडीच्या पुढे बियास नदीच्या कडेने जाणारा रस्ता दिवसा बघण्यासारखा आहे. मुलाला गाडी लागत असेल तर त्याला पुढच्या बाजूला बसवा, मोबाइल हातात देऊ नका आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. हे मुद्दाम सांगतोय. मनालीत पहिल्या दिवशी “विरळ हवा लागली” म्हणून माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक तक्रारी वळणांच्या, झोप न झाल्याच्या आणि पाणी न प्यायल्याच्या असतात. एक झोप आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यावर त्या बऱ्या होतात.

आता खऱ्या विरळ हवेकडे येऊ. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आतबाहेर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली गाव सुमारे २,०५० मीटरवर आहे. म्हणजे तुमच्या हॉटेलचा पलंगच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंच असणार. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ऐंशी टक्के असतो. धडधाकट माणसाला एवढ्या उंचीवर सहसा आजार होत नाही, पण जिना चढताना धाप लागते, पहिल्या रात्री झोप तुटक लागते. ते साहजिक आहे, घाबरायचं नाही.

अडीच हजार मीटरच्या वर मात्र नियम पाळावे लागतात. रोहतांग पास ३,९७८ मीटरवर, तिथे हवेचा दाब साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो. पॅकेजमध्ये मनालीला पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी गाडीने तिथे नेतात, दोन-तीन तासांत जवळपास दोन हजार मीटर वर. डोकं ठणकतं, मळमळतं, मुलं रडवेली होतात. त्याच दिवशी खाली येता म्हणून निभावतं, नाहीतर तो आजाराला दिलेला निमंत्रणाचा कागदच असतो. डोंगरातला सर्वमान्य नियम असा: दिवसा कितीही वर जा, पण अडीच-तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायचा नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा. तुमचा मुक्काम रोज मनालीतच असेल, म्हणून तुमच्याकडून हा नियम आपोआप पाळला जातो. एकाच गावात राहण्याचा माझा आग्रह आहे तो मुख्यतः यासाठी. सामान रोज बांधावं लागत नाही हा वरचा फायदा.

लक्षणं ओळखायला शिकून जा. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून जाणं यातलं काही, ही सुरुवात. त्यावर आणखी वर जायचं नाही; तासाभरात बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला थांबत नसेल, किंवा माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, तर वाट न बघता लगेच खाली आणि सरळ दवाखान्यात. तोल बघण्याची एक सोपी रीत आम्ही प्रत्येक गटाला शिकवतो. जमिनीवर सरळ रेषा धरायची, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला लावायचं. नुसता दमलेला माणूस हे करू शकतो. ज्याच्या मेंदूला सूज यायला लागली आहे तो दोन-तीन पावलांतच बाजूला झुकतो. मुलांना घरीच हा खेळ शिकवून ठेवा. विरळ हवेच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा. मनालीत राहून दिवसाच फिरायचं असेल तर मी तिचा आग्रह धरत नाही.

तारखांबद्दल. मे महिन्याच्या सुरुवातीला तीन हजार मीटरच्या वर बऱ्याच वाटा बर्फाखाली असतात. जूनच्या शेवटी-जुलैत पाऊस येतो, दरडी कोसळतात. जुलै २०२३ च्या पुरात बियासने कुल्लू-मनालीचा महामार्ग कितीतरी ठिकाणी उचलून नेला होता. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. या तिन्ही गोष्टी जुळवल्या तर १० मे ते १० जून हा तुमचा काळ. त्यातही मी मेचा मधला पंधरवडा घेईन: खालच्या वाटा कोरड्या, वर बर्फ शिल्लक, आणि सफरचंदाच्या बागांना कोवळी पानं. १४ ते १६ मेच्या सुमारास हिडिंबा देवीच्या देवळापाशी ढुंगरीची जत्रा भरते, गावोगावचे देव वाजतगाजत येतात. गर्दी होते, पण सासूबाईंना ती नक्की आवडेल. शनिवार-रविवारी दिल्ली-पंजाबच्या गाड्यांनी रस्ते तुंबतात, म्हणून त्या दोन दिवशी गाडीला हात लावायचा नाही, गावातूनच पायी निघायचं. लांबचे कार्यक्रम सोमवार ते गुरुवारात.

आता दिवसांचा क्रम. तेरा दिवसांची सहल धरून लिहितो. चारच दिवस मिळाले तर काय गाळायचं तेही सांगतो.

पहिला पूर्ण दिवस गावाचा. सकाळी उशिरा उठा. ढुंगरीच्या देवदार जंगलात शिरा. हिडिंबेचं लाकडी देऊळ १५५३ सालचं आहे, पण देवळापेक्षा त्या झाडांखाली वेळ काढा. तिथून मनालसू नाल्याकडे उतरून पूल ओलांडला की जुनी मनाली, वर मनूचं देऊळ. चढ थोडा, पण खडा आहे. या दिवशी मुलांना पळू द्यायचं नाही, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. धाप लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे, एवढी एकच खूण पुरते.

दुसऱ्या दिवशी वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्याला जा. वाट बागांमधून, मग पाइनच्या झाडांतून जाते, शेवटचा टप्पा चढाचा. जायला एक-दीड तास धरा. सासूबाईंनी वशिष्ठलाच थांबायचं: तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. दुखऱ्या गुडघ्यांना ते पाणी फार बरं वाटतं. तुम्ही परत आलात की मुलांनाही त्यात बसवा, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखणार नाहीत. फक्त पाणी चांगलंच कढत असतं, तेव्हा सासूबाईंनी बीपीची गोळी चालू असताना पाच-सात मिनिटांच्या वर बसू नये आणि उठताना हळू उठावं.

तिसरा दिवस मुद्दाम सोपा. नदीच्या डाव्या तीराने नग्गरला जा, वीसेक किलोमीटर. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. तिथला वाडा दगड आणि देवदाराच्या तुळया आलटून पालटून रचून बांधलाय; भूकंपात डोलतो पण पडत नाही असं हे बांधकाम आहे. आपल्याकडे १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या भिंतींनी काय केलं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनी ती भिंत हात लावून बघावी. मी मराठवाड्यातल्या प्रत्येक गटाला तिथे थांबवतो. वरच्या अंगाला निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराचं घर आहे, १९४७ मध्ये त्यांचा मृत्यू नग्गरलाच झाला. वाड्यापासून तिथपर्यंत पायी चढ आहे, पण गाडीही जाते, त्यामुळे पाचही जणांना एकत्र राहता येईल.

चौथ्या दिवशी राफ्टिंग, कुल्लूजवळ पिरडीला. मुद्दाम मध्ये ठेवलंय: कुल्लू मनालीपेक्षा बरंच खाली, पायांना आराम, आणि दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या चढाआधी शरीराला उसंत. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी वाढत असतं आणि ते हाडं गोठवणारं असतं. चौदा वर्षांची मुलगी, तुम्ही आणि तिचे बाबा असे बसा. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या लाटांच्या टप्प्यात मी स्वतः बसवत नाही. काठावर आजीबरोबर राहू दे, त्याचा त्रागा संध्याकाळपर्यंत ओसरतो. लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी मागे उभं करून दोन्ही खांद्यांचे पट्टे जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात पडल्यावर डोक्यातून निघून जाईल. बाजूचे पट्टे आवळून पुन्हा ओढून बघा. हेल्मेटच्या पट्ट्यात आणि हनुवटीत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. एवढी तपासणी करू द्यायला जो चालक कुरकुर करेल, त्याच्या राफ्टमध्ये बसायचं नाही, पैसे भरले असतील तरी.

पाचवा दिवस तुमचा खरा ट्रेक: लामाडुघ. मनालीच्या वरच्या जंगलातून तीन हजार मीटरच्या वरच्या कुरणापर्यंत जाणारी वाट. पूर्ण दिवस लागतो, चढ अंगावर येणारा आहे, पाणी वाटेत भरवशाचं नाही. गाइड घ्याच, जंगलात फाटे फुटतात. सकाळी सहाला निघायचं आणि एक वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटतात, गारा पडतात, उघड्या कुरणावर वीज कडाडते. त्या वेळी तुम्ही झाडीत उतरलेलं असायला हवं. हा दिवस मुलगी आणि तुमच्यापैकी एकाचा. दुसऱ्याने मुलगा आणि सासूबाईंबरोबर सोलंगकडे जायचं, तिथून अंजनी महादेवापर्यंत मुलाला चालवायचं किंवा घोड्यावरून न्यायचं.

सहाव्या दिवशी अटल बोगदा ओलांडून पलीकडचं सिस्सू गाव. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा तुम्हाला दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या जगात नेतो. अलीकडे दाट देवदार, पलीकडे लाहौलचे उघडे डोंगर, कारण पावसाचे ढग मधल्या रांगेच्या अलीकडेच अडतात. उंची एकतीसशे मीटरच्या आसपास, आणि पाच दिवस मनालीत राहिल्यावर ती सोसायला हरकत नाही. बर्फात खेळायचं असेल तर कोकसरच्या बाजूला विचारून बघा. रोहतांगबद्दल मुलं हट्ट करतीलच. २०१५ पासून हरित लवादाच्या आदेशाने तिथे रोज ठरावीकच पर्यटक गाड्या सोडतात, परवाना ऑनलाइन काढावा लागतो, मंगळवारी रस्ता पर्यटकांना बंद असतो. परवाना मिळाला, हवा चांगली असली आणि सासूबाई खाली थांबायला तयार असल्या तर जा. माझं मत विचाराल तर सिस्सू जास्त देतं आणि कमी त्रास देतं.

सातवा दिवस मोकळा. काहीही ठरवू नका. डोंगरात एक दिवस पावसात जातोच, आणि तो राखीव नसेल तर लोक खराब हवेत बाहेर पडतात. चारच दिवस मिळत असतील तर पहिला, दुसरा आणि सहावा ठेवा, राफ्टिंग आणि लामाडुघ यातलं एक निवडा, नग्गर जाता-येता वाटेत करा.

पॅराग्लायडिंग मी यात धरलेलं नाही. वीस मिनिटांत ती मौज संपते आणि सगळा भरवसा पायलटवर. करायचंच असेल तर त्याचा परवाना मागून बघा, सकाळचा शांत वारा बघून करा, आणि सोसाट्याचा वारा असताना “काही होत नाही” म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सासूबाईंबद्दल वेगळं लिहितो, कारण त्यांना न्यावं का असं विचारताना तुमच्या मनात त्यांची अडचण होईल ही भीती दिसली. बीपी गोळीने ताब्यात असेल आणि छातीत दुखणं, जिन्यावर दम लागणं असं काही नसेल तर मनालीच्या उंचीला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. पण निघण्याआधी ईसीजी आणि तपासणी कराच, आणि घरचं बीपीचं यंत्र बरोबर घ्या. पहिले दोन-तीन दिवस आकडा थोडा वर जाऊ शकतो, तेव्हा काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. खरी अडचण गुडघ्यांची आणि जागेची आहे. जुन्या मनालीत आणि वशिष्ठच्या वरच्या आळीत सुंदर घरगुती मुक्काम मिळतात, फोटो बघून मोह होतो, पण अखेरचा टप्पा दगडी पायऱ्यांचा असतो आणि रोज दोनदा तो चढावा लागतो. खोली ठरवताना दोनच प्रश्न विचारा: गाडी दारापर्यंत येते का, आणि तळमजल्यावर खोली आहे का. आलेओ-प्रीणीच्या बाजूला किंवा ढुंगरीच्या रस्त्याला अशा जागा सापडतात. खोलीसमोर ऊन येणारं अंगण असलं तर त्यांचा अर्धा दिवस तिथेच आनंदात जाईल. रोज एक गोष्ट त्यांच्यासाठीची आणि संध्याकाळचं जेवण सगळ्यांनी एकत्र, एवढं पाळलं की कुणीच कुणाची अडचण होत नाही.

तयारीला अजून दोन-अडीच महिने आहेत, ते वाया घालवू नका. सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाचीही डोंगर उतरताना मांडी थरथरते, कारण उतरण्याची सवयच नसते. परभणीत चढ नाही, तेव्हा तीन-चार मजली इमारतीचा जिना धरा. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे सहाच्या आत, पाठीवर तीन-चार लिटर पाण्याची सॅक घेऊन वीस मिनिटांपासून सुरू करा आणि पाऊण तासापर्यंत न्या. उतरताना धाडधाड नाही, पाऊल आवाज न करता टेकवायचं. एक रविवार जिंतूरच्या नेमगिरीला जा, नंतरचा एखादा दौलताबादला. दौलताबादचा पूर्ण किल्ला बारादरीच्याही वर टोकापर्यंत चढून लगेच उतरा. मुलीने हे दोनदा न थांबता केलं तर लामाडुघ तिला झेपेल. एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या आत खाली यायचं, आपल्या उन्हात तयारीच्या नादात उष्माघात नको.

बूट आत्ताच घ्या, निघण्याच्या आठवड्यात नव्हे. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जाड मोजा घाला, नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टेकवा. टाचेमागे तुमचं एक बोट आरामात शिरलं पाहिजे. मग नाडी आवळून बांधा आणि दुकानाच्या पायरीवर उतारासारखा पाय ठेवून जोर द्या. अंगठा पुढे आपटत असेल तर तो जोड सोडा, नाहीतर लामाडुघ उतरताना नख काळं पडणार. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सगळ्यांची पायाची नखं सरळ कापा. बूट घेतल्यापासून तयारीचं सगळं चालणं त्याच बुटांत.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स आणि सुती बनियन चालण्यासाठी नको, भिजले की वाळत नाहीत आणि थंडी भरते. घामाचा टी-शर्ट सिंथेटिक, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं, म्हणून मनालीत उकडलं तरी वर जाताना जाकीट सॅकमध्येच हवं. मोठा कोट आणि गमबूट न्यायची गरज नाही, बर्फाच्या वाटेवर भाड्याने मिळतात. काळा चष्मा मात्र मुलांसकट सगळ्यांना: बर्फावरून ऊन परत उसळतं आणि डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. खायला शेंगदाण्याचे लाडू आणि गूळ; रेल्वेसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तुम्ही नेणारच.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक गटाला बसमध्येच सांगतो, मनालीला पोचण्याआधी. बियासच्या पात्रात फोटोसाठी उतरायचं नाही. ८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी खडकांवर उभे होते, लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि काही क्षणांत २४ मुलं आणि त्यांच्याबरोबरचा एक जण वाहून गेला. तुम्ही त्याच रस्त्याने जाणार आहात. कोरडे, सुंदर गोटे दिसतात, पाणी दूर वाटतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळी नदीच्या सवयीने मुलं खाली धावतात. त्यांना हे घरीच, नाव-गावासह सांगा. तसंच वर ओढ्यांवर साचलेल्या बर्फावरून पलीकडे जायचं नाही. खालून पाणी वाहत असतं आणि तो पूल दुपारपर्यंत पोकळ झालेला असतो.

उरला हंप्टा. पास सुमारे ४,२७० मीटरवर आहे, चार-पाच दिवसांचा ट्रेक, तंबूत मुक्काम. मे महिन्यात तो बहुधा बर्फाखाली असतो, नेहमीच्या गटांसाठी जूनच्या मध्यापासून पुढे उघडतो. म्हणजे तुमच्या सुट्टीत तो बसतच नाही. मुलीला नाराज करू नका, तिला खरं कारण सांगा आणि पुढच्या वर्षांसाठी वाट दाखवा. मनालीतच आलेओला गिर्यारोहणाची सरकारी संस्था आहे, १९६१ पासून चालू असलेली, आता अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते. मोकळ्या दिवशी तिला तिथे घेऊन जा, अभ्यासक्रम आणि वयोमर्यादा तिने स्वतः विचारू दे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे उन्हाळी ट्रेकही कुल्लूच्या खोऱ्यात निघतात. मराठवाड्यातली कितीतरी मुलं त्यांतूनच पहिल्यांदा हिमालयात गेली आहेत.

आता तुमच्या हातात पहिलं काम तिकिटाचं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. तुमची तारीख ठरली की मागे साठ दिवस मोजा आणि त्या सकाळी आठला तयार राहा. मेमधली सचखंड पहिल्या काही तासांतच भरते. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागताना अर्जात त्यांचं वय नीट भरा, ज्येष्ठ महिलांना तो देताना प्राधान्य मिळतं. जायचं आणि यायचं आरक्षण वेगवेगळ्या दिवशी उघडतं, तेव्हा परतीची तारीखही कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. रजा वाढली की नाही आणि सासूबाईंच्या तपासणीत काय आलं ते इथे कळवा, मग चार दिवसांचा की सात दिवसांचा आराखडा धरायचा ते नेमकं ठरवू.